रुग्णालयातील शैक्षणिक खेळ

रुग्णालयातील शैक्षणिक खेळ म्हणजे आजारपणामुळे रुग्णालयात दाखल झालेल्या मुलांची भीती व चिंता कमी करणे, त्यांना आजार आणि उपचार यांची ओळख करून देणे व त्यांचे शिकणे चालू ठेवणे या हेतूंनी योजलेले खेळ होत. बाहुलीला पट्टी बांधण्यापासून ते शब्दकोडी, पत्ते, चित्रकला आणि संगणकीय खेळांपर्यंत अनेक प्रकारांचा त्यांत समावेश होतो. हे खेळ परिचारिका, शिक्षक, समुपदेशक, प्रशिक्षित स्वयंसेवक किंवा पालक घेतात. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेतील ३१ व्या कलमाने खेळ हा मुलांचा हक्क मानला असून, ११ डिसेंबर १९९२ रोजी भारत या संहितेत सामील झाला. हा हक्क रुग्णालयाच्या दारापाशी संपत नाही, या भूमिकेतून अनेक देशांत बालरुग्ण विभागांमध्ये खेळाची व्यवस्था करण्यात आली आहे. भारतात तीव्र कुपोषित बालकांच्या उपचारपद्धतीत खेळाला औषध व आहार यांच्या जोडीने स्थान आहे.

संज्ञा व स्वरूप

रुग्णालयात खेळल्या जाणाऱ्या खेळांचे स्थूलमानाने तीन वर्ग पडतात. पहिला वर्ग विरंगुळ्याच्या खेळांचा. यात मुलाने मोकळेपणी आपल्या आवडीचे काहीही खेळावे, एवढेच अपेक्षित असते. दुसरा वर्ग शैक्षणिक खेळांचा असून त्यात शरीर, आजार, तपासणी किंवा शस्त्रक्रिया यांविषयी मुलाला काही समजावे अथवा त्याचा शालेय अभ्यास पुढे जावा, असा निश्चित हेतू असतो. तिसरा वर्ग क्रीडोपचाराचा. मनावर खोल आघात झालेल्या मुलांसाठी ही पद्धत वापरली जाते व ती मानसोपचाराचे प्रशिक्षण घेतलेली व्यक्तीच हाताळते.

प्रत्यक्षात या वर्गांच्या सीमारेषा पुसट असतात. बाहुलीला इंजेक्शन देणारे मूल एकाच वेळी खेळत असते, शिकत असते आणि आपल्या मनातील धास्ती बाहेर काढत असते. तथापि शिक्षक किंवा स्वयंसेवक यांनी आपण शैक्षणिक खेळ घेत आहोत, मानसोपचार करत नाही, हे भान ठेवणे आवश्यक मानले जाते. मुलाच्या खेळातून काही गंभीर गोष्ट लक्षात आल्यास ती डॉक्टरांच्या किंवा समुपदेशकांच्या कानावर घालणे, एवढेच त्यांचे काम असते.

रुग्णालयाच्या भीतीची कारणे

प्रौढ माणसाला रुग्णालयात मुख्यतः आजाराची आणि खर्चाची काळजी वाटते. मुलाची भीती वेगळ्या प्रकारची असते आणि ती वयानुसार बदलते.

सुमारे सहा महिन्यांपासून तीन-चार वर्षांपर्यंतच्या बालकाला सर्वाधिक धास्ती वाटते ती आईपासून दूर होण्याची. ब्रिटिश समाजकार्यकर्ते जेम्स रॉबर्टसन यांनी रुग्णालयातील लहान मुलांचे निरीक्षण करून विरहाच्या तीन अवस्था मांडल्या. मूल प्रथम आक्रोश करते, नंतर खिन्न होते आणि अखेरीस अलिप्त बनते. या तिसऱ्या अवस्थेतील मूल शांत दिसत असल्याने ते रुळले, असा मोठ्यांचा समज होतो. वस्तुतः त्याने आपल्या माणसांविषयीची आशा सोडलेली असू शकते.

तीन ते सहा-सात वर्षांच्या मुलाची कल्पनाशक्ती तीव्र असते, पण कार्यकारणभाव पक्का झालेला नसतो. आपण खोडी काढली म्हणून आपल्याला आजार झाला, अशी त्याची समजूत होऊ शकते. बोललेल्या शब्दांचा ते शब्दशः अर्थ घेते. ‘पोटाचा फोटो काढायचा आहे’ असे सांगितल्यावर ते हसण्याच्या तयारीने बसते आणि अंधाऱ्या खोलीतील थंड यंत्र पाहून दचकते. ‘रक्त काढायचे’ म्हटल्यावर आपले सगळे रक्त काढून घेणार, असेही त्याला वाटू शकते. मराठी घरांमध्ये ‘गप्प बस, नाहीतर डॉक्टर सुई टोचतील’ हा धाक पुष्कळदा दाखवला जातो. त्यामुळे सुई म्हणजे शिक्षा, हे समीकरण मुलाच्या मनात रुग्णालयात जाण्याआधीच तयार झालेले असते.

सात ते बारा वर्षांच्या मुलांना शरीराला इजा होण्याची, वेदनेची आणि चारचौघांत रडू येण्याची भीती वाटते. शाळा बुडते, परीक्षा चुकते, मित्र पुढे जातात, ही चिंताही त्यांना लागून राहते. किशोरवयीन मुलांना शरीर उघडे करावे लागण्याचा संकोच, केस गळणे किंवा व्रण राहणे यांमुळे दिसण्यात होणारा बदल आणि भविष्याविषयीची अनिश्चितता जास्त बोचते.

या सर्व वयोगटांना समान असलेली गोष्ट म्हणजे स्वतःवरचा ताबा सुटल्याची जाणीव. केव्हा उठायचे, काय खायचे, कोणी अंगाला हात लावायचा, हे सारे इतर जण ठरवतात. रुग्णालयातील कोणत्याही वस्तूला किंवा कृतीला ‘नको’ म्हणण्याची सोय मुलाला नसते.

खेळाचे कार्य

मुलाच्या भीतीचा मोठा भाग अज्ञातातून येतो. खेळ अज्ञात वस्तूला हाताळण्याजोगी बनवतो. स्टेथोस्कोप प्रथम बाहुलीच्या छातीला, मग आईच्या व नंतर स्वतःच्या छातीला लावून पाहिलेल्या मुलाला डॉक्टरांच्या गळ्यातील तीच वस्तू परकी वाटत नाही.

खेळाचे दुसरे कार्य भूमिकांची अदलाबदल हे होय. वॉर्डात मूल नेहमी उपचार करवून घेणारे असते. खेळात ते डॉक्टर होते, बाहुलीला ‘हात घट्ट धर’ म्हणून बजावते, तिची समजूत काढते आणि क्वचित तिच्यावर ओरडतेही. सोसावे लागलेले दुःख कर्ता होऊन पुन्हा अनुभवल्याने त्याची तीव्रता कमी होते, असे बालमानसशास्त्रज्ञ मानतात.

तिसरे कार्य निवडीची संधी देणे हे आहे. सुई टोचायची की नाही, हे मुलाला ठरवता येत नाही. परंतु उजव्या हाताला की डाव्या, मांडीवर बसून की पलंगावर, टोचताना गाणे म्हणायचे की आकडे मोजायचे, हे ठरवता येते. अशा छोट्या पण खऱ्या निवडी खेळात सहज गुंफता येतात. जिथे प्रत्यक्षात पर्याय नाही तिथे ‘इंजेक्शन घेऊ या का?’ असे विचारणे मात्र टाळावे लागते, कारण मुलाचे ‘नाही’ हे उत्तर मोडावे लागले की विश्वास तुटतो.

चौथे कार्य संवादाचे आहे. ‘तुला भीती वाटते का?’ या प्रश्नाला अनेक मुले मान हलवून नाही म्हणतात. ‘या बाहुलीला कसली भीती वाटत असेल?’ असे विचारले की तेच मूल बोलू लागते. त्या उत्तरातून मुलाच्या मनातील गैरसमज मोठ्यांना कळतात आणि ते दूर करता येतात.

खेळांचे प्रकार

तयारीचे खेळ. तपासणी किंवा शस्त्रक्रियेपूर्वी मुलाला पुढील क्रम समजावा यासाठी हे खेळ असतात. चिंध्यांच्या साध्या बाहुलीला नाव देऊन तिला दाखल करणे, तिच्या मनगटाला पट्टी बांधणे, सुई नसलेल्या सिरिंजने ‘इंजेक्शन’ देणे, रिकामा मास्क तिच्या नाकातोंडावर धरणे, हाताला सलाईनची नळी चिकटवणे, असा त्याचा क्रम असतो. रुग्णालयातील प्रसंगांची चित्रे देऊन ती योग्य क्रमाने लावण्याचा खेळ थोड्या मोठ्या मुलांसाठी उपयुक्त ठरतो. यात मुलाने काय पाहावे, ऐकावे, हुंगावे आणि अंगाला काय जाणवावे, हे सांगण्यावर भर असतो; उदाहरणार्थ, कापूस थंड लागेल, दिवा मोठा असेल, यंत्र ठकठक वाजेल. अगदी लहान मुलांना ही तयारी प्रसंगाच्या थोडीच आधी, तर शाळकरी मुलांना काही दिवस आधी करून देणे इष्ट मानतात. लहान मुलाला फार आधी सांगितल्यास त्याची काळजीच लांबते.

उपचाराच्या क्षणीचे खेळ. रक्त घेताना, ड्रेसिंग बदलताना किंवा सलाईन लावताना मुलाचे लक्ष दुसरीकडे वेधण्यासाठी हे खेळ वापरतात. साबणाचे फुगे उडवणे किंवा भिरभिरे फुंकून फिरवणे यांत दीर्घ श्वासोच्छ्वास आपोआप होतो आणि स्नायू सैल पडतात. ‘खोलीतील पाच निळ्या वस्तू शोध’, ‘वीसपासून उलटे मोज’, ‘क वरून सुरू होणारे शब्द सांग’ अशा खेळांना कोणतेही साहित्य लागत नाही. भेंड्या हा मराठी मुलांच्या ओळखीचा खेळ येथे विशेष उपयोगी पडतो.

शरीर व आजार समजावणारे खेळ. मुलाच्या उंचीएवढ्या कागदावर त्याच्या देहाची बाह्यरेषा काढून तीत हृदय, फुप्फुसे, पोट योग्य जागी चिकटवणे, जोड्या लावणे, औषधांच्या वेळांचे वेळापत्रक रंगवणे इत्यादी खेळ यात येतात. मधुमेह किंवा दमा यांसारखे दीर्घकालीन आजार असलेल्या मुलांना स्वतःची काळजी घेण्यास शिकवण्यासाठी हे खेळ उपयोगी ठरतात.

पटावरचे व बैठे खेळ. सापशिडी, ल्यूडो, पत्ते, काचापाणी, शब्दकोडी आणि ठिपके जोडण्याचे खेळ पलंगावर बसूनही खेळता येतात. सापशिडीला आरोग्याचे रूप देताना एक दक्षता घ्यावी लागते. या खेळाचे जुने मराठी रूप म्हणजे परंपरेने संत ज्ञानेश्वरांच्या नावाशी जोडला जाणारा मोक्षपट होय. त्यात साप हे दुर्गुणांचे व शिडी सद्गुणांची प्रतीके असतात. तीच योजना उचलून ‘हट्ट केला म्हणून आजाराचा साप चावला’ असा पट तयार केल्यास, आजार ही शिक्षा आहे, हा लहान मुलाचा गैरसमज बळावतो. त्यामुळे अशा पटावर साप म्हणून मुलाचा दोष न दाखवता डास, उघड्यावरचे पाणी अशी बाह्य कारणे दाखवणे योग्य ठरते.

अभिव्यक्तीचे खेळ. चित्रकला, कठपुतळ्या, मुखवटे, गोष्ट पुढे नेण्याचा खेळ आणि भातुकली यांत बरोबर-चूक नसते. भातुकलीत घरच्या स्वयंपाकाचा, सणाचा आणि पाहुण्यांचा खेळ मांडताना मूल काही काळ आपल्या घरी जाऊन येते. म्हणून दीर्घकाळ दाखल असलेल्या मुलांसाठी हा खेळ मोलाचा ठरतो.

जागतिक इतिहास

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पाश्चात्त्य देशांतील बहुतेक रुग्णालयांत पालकांना मुलांजवळ राहण्याची मुभा नव्हती. भेटीची वेळ ठरावीक असे. त्यामागे संसर्गाचे भय होते, तसेच आई निघून गेल्यावर मूल रडते व वॉर्डाची शिस्त बिघडते, अशी समजूतही होती. १९५२ साली जेम्स रॉबर्टसन यांनी ‘अ टू-इयर-ओल्ड गोज टू हॉस्पिटल’ हा माहितीपट तयार केला. छोट्या शस्त्रक्रियेसाठी आठ दिवस रुग्णालयात राहिलेल्या एका लहान मुलीत झालेले बदल त्यात टिपलेले आहेत. मानसशास्त्रज्ञ जॉन बोल्बी यांच्या विरहविषयक संशोधनाला या कामाची जोड मिळाली. १९५९ साली सर हॅरी प्लॅट यांच्या अध्यक्षतेखालील समितीने ब्रिटनमधील रुग्णालयांतील मुलांच्या हिताविषयी अहवाल सादर केला आणि पालकांना मुक्त प्रवेश, खेळ व शिक्षण यांची शिफारस केली.

याच सुमारास अन्यत्रही प्रयत्न सुरू झाले होते. स्वीडनमध्ये उमेओ येथील रुग्णालयात इव्हॉनी लिंडक्विस्ट यांनी १९५६ साली मुलांसाठी खेळाचा उपक्रम सुरू केला. पुढे त्या देशात रुग्णालयातील मुलांसाठी खेळाची सोय करणे कायद्याने बंधनकारक झाले. अमेरिकेत क्लीव्हलँड येथील सार्वजनिक रुग्णालयात १९५५ साली एम्मा प्लँक यांनी खेळ व शिक्षणाचा कार्यक्रम उभारला. त्या मूळच्या व्हिएन्नाच्या असून माँटेसरी पद्धतीच्या शिक्षिका होत्या. रुग्णालयातील मुलांबरोबर करायच्या कामावरील त्यांचे पुस्तक १९६२ साली प्रसिद्ध झाले. या कामातूनच पुढे अमेरिकेत ‘चाइल्ड लाइफ’ हा स्वतंत्र व्यवसाय विकसित झाला. १९८८ साली नेदरलँड्समधील लायडन येथे युरोपीय संघटनांनी रुग्णालयातील मुलांच्या हक्कांची दहा कलमी सनद तयार केली. वय आणि प्रकृती यांना साजेसा खेळ, करमणूक व शिक्षण यांची पूर्ण संधी मुलांना मिळावी, असे तिच्या सातव्या कलमात म्हटले आहे.

महाराष्ट्रातील पार्श्वभूमी

महाराष्ट्रातील बालशिक्षणाची परंपरा या विषयाला पूरक आहे. ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर हलवण्यात आले. माँटेसरींची महागडी साधने खेड्यात परवडणारी नव्हती. म्हणून ताराबाईंनी व त्यांच्या सहकारी अनुताई वाघ (१९१०–१९९२) यांनी बिया, पाने, शिंपले, माती अशा परिसरातील वस्तूंपासून शैक्षणिक साधने तयार केली. शाळेत न येणाऱ्या मुलांच्या अंगणात शाळा नेण्याची कल्पनाही त्यांनी रुजवली. मूल जिथे असेल तिथे शिक्षणाने जावे, हे त्यामागील तत्त्व रुग्णालयातील पलंगालाही लागू पडते. टाकाऊ वस्तूंपासून खेळणी बनवण्याची चळवळ पुढे अरविंद गुप्ता यांनी पुण्यातील आयुका या संस्थेच्या बालविज्ञान केंद्रातून व्यापक केली. २०१८ साली त्यांना पद्मश्री हा सन्मान मिळाला.

मुंबईतील परळ येथे १९२९ साली बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय स्थापन झाले. परळमध्येच १९४१ साली सुरू झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयात कर्करोगग्रस्त मुले देशभरातून येतात. त्यांचे उपचार अनेक महिने चालतात. बाहेरगावच्या अशा कुटुंबांसाठी २००६ साली मुंबईत सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स ही संस्था सुरू झाली. तेथे विनामूल्य निवासाबरोबर मुलांचे शिक्षण, समुपदेशन आणि कला यांकडेही लक्ष दिले जाते. रुग्णालयाच्या बाहेर, पण उपचारांच्या काळात, मुलांना खेळण्या-शिकण्याची जागा मिळावी, हा विचार यात दिसतो.

भारतातील शासकीय आरोग्यसेवेत खेळाचे सर्वांत स्पष्ट स्थान पोषण पुनर्वसन केंद्रांमध्ये आढळते. तीव्र कुपोषित बालकांच्या उपचारासाठी जागतिक आरोग्य संघटनेने दहा टप्पे सांगितले आहेत. त्यांपैकी नववा टप्पा ज्ञानेंद्रियांना चालना व भावनिक आधार देण्याचा आहे. संघटनेच्या १९९९ सालच्या मार्गदर्शिकेत दररोज १५ ते ३० मिनिटे नियोजित खेळ घेण्यास सांगितले असून, डबे, बाटल्यांची झाकणे, दोरा, कापड यांपासून करायच्या खेळण्यांचे नमुने दिले आहेत. भारतातील केंद्रांसाठी २०११ साली तयार झालेल्या मार्गदर्शक सूचनांतही खेळाचा समावेश आहे. कुपोषित मूल मलूल असते व आसपासच्या गोष्टींत रस घेत नाही. खेळामुळे त्याच्या बौद्धिक व भावनिक वाढीला चालना मिळते, आणि आई तेथे शिकलेला खेळ घरी नेऊ शकते.

१७ सप्टेंबर २०२१ रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ‘मुस्कान’ हा उपक्रम सुरू केला. सार्वजनिक रुग्णालयांतील बालसेवांची गुणवत्ता वाढवणे आणि तेथील वातावरण बालस्नेही करणे, हा त्याचा उद्देश आहे.

ग्रामीण मुलांचा प्रश्न : मावळचे उदाहरण

शहरातील मुलाला रुग्णालयाची इमारत निदान बाहेरून तरी परिचित असते. खेड्यातील मुलाला आजारासोबत परक्या शहरालाही सामोरे जावे लागते. पुणे जिल्ह्यातील मावळ तालुक्यात लोणावळ्याजवळ असलेल्या औंढे या गावाचे उदाहरण घेता येईल. अशा गावातील मुलाचा आरोग्यसेवेशी पहिला संबंध अंगणवाडी, उपकेंद्र किंवा प्राथमिक आरोग्य केंद्र येथे येतो. आजार मोठा असल्यास त्याला ग्रामीण रुग्णालय ओलांडून मोठ्या शहरात जावे लागते. लोणावळ्याहून लोहमार्गाने पुणे सुमारे ६४ आणि मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस सुमारे १२८ किलोमीटर अंतरावर आहे. भातलावणीच्या दिवसांत शेतकरी कुटुंबातील एकच पालक मुलाजवळ थांबू शकतो. भावंडे, आजी-आजोबा आणि शाळेतील सवंगडी गावीच राहतात.

पण अशा मुलाला तयार करण्यासाठी काही वेळ हाती असतो. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात वैद्यकीय पथके अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा आणि शासकीय शाळांतील मुलांची वर्षातून एकदा तपासणी करतात. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांमधील जन्मजात व्यंगे, कमतरता, आजार व विकासातील विलंब शोधून त्यांना पुढील उपचारांसाठी पाठवले जाते. हृदयातील छिद्र किंवा दुभंगलेला ओठ यांसारख्या दोषांवरील शस्त्रक्रिया बहुधा आधी ठरवून होते. म्हणजेच निदान आणि दाखल होणे यांच्यामधला काळ गावातच जातो.

या काळात अंगणवाडी सेविका, शिक्षक आणि पालक यांना साध्या साधनांनी तयारीचे खेळ घेता येतात. दवाखान्याचा खेळ वर्गात सर्वांनी मिळून खेळल्यास एकट्या आजारी मुलाकडे बोट दाखवल्यासारखे होत नाही. जुन्या साडीच्या तुकड्याची बाहुली मूल सोबत नेऊ शकते. तिच्याशी आधीच ‘ऑपरेशन’ खेळून झालेले असेल, तर परक्या वॉर्डात ती ओळखीची सोबतीण ठरते. वर्गमित्रांनी काढलेली चित्रे, शिक्षकांनी दिलेली कोड्यांची वही आणि आजीच्या आवाजात मोबाइलवर नोंदवलेली गोष्ट यांना फारसा खर्च येत नाही. शहरातील परिचारिकांना मुलाच्या बोलीतले शब्द, त्याचे घरचे नाव आणि आवडता खेळ कळवणे, हेही या तयारीचाच भाग होय.

प्रामाणिकपणाचे महत्त्व

कोणत्याही खेळाचा पाया मुलाशी खरे बोलणे हा आहे. ‘अजिबात दुखणार नाही’ असे सांगून सुई टोचल्यास मूल पुढच्या वेळी सुईला घाबरतेच, शिवाय सांगणाऱ्या माणसावरही विश्वास ठेवत नाही. ‘मुंगी चावल्यासारखे थोडे दुखेल, आपण पाचपर्यंत मोजू, रडलास तरी चालेल, हात मात्र हलवायचा नाही’ हे वाक्य त्यापेक्षा उपयुक्त ठरते. त्यात वेदना मान्य केलेली असते, तिची मर्यादा सांगितलेली असते आणि मुलाला एक काम दिलेले असते. आई न सांगता निघून जाणे हेही असेच विश्वास मोडणारे असते. आई कोणत्या वेळी परत येणार, हे घड्याळाच्या चित्रावर दाखवून जाणे योग्य होय. रडणाऱ्या मुलाला ‘मुलगा असून रडतोस?’ असे हिणवणे किंवा न रडणाऱ्यालाच बक्षीस देणे टाळावे, असे तज्ज्ञ सांगतात.

घ्यावयाची दक्षता

मुलांची प्रतिकारशक्ती कमी झालेली असल्याने रुग्णालयातील खेळणी निवडताना स्वच्छतेचा विचार प्रथम करावा लागतो. अनेकांनी हाताळायची खेळणी गुळगुळीत आणि धुता येण्याजोगी असावीत. प्रत्येक वापरानंतर ती साबणाच्या पाण्याने किंवा रुग्णालयाने ठरवलेल्या जंतुनाशकाने स्वच्छ करावीत. कापडी बाहुली एकाच मुलासाठी ठेवून त्याच्यासोबत घरी द्यावी. तोंडाने फुंकायची वस्तू दोन मुलांत वाटू नये. कर्करोगावरील औषधोपचार चालू असलेल्या मुलांना माती, पाने, बिया अशी नैसर्गिक साधने डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नयेत. घरी निरुपद्रवी असणारे सागरगोटे आणि चिंचोके तीन वर्षांखालील मुलांच्या घशात अडकू शकतात. रबरी फुगे व बटणाएवढे सेल यांचाही धोका असतो. खऱ्या सुया खेळात कधीही वापरू नयेत.

मुलाच्या प्रकृतीनुसार खेळाचा कालावधी ठरवावा लागतो. ताप, अशक्तपणा किंवा वेदना असताना दहा मिनिटेही पुरेशी होतात. ज्या हाताला सलाईन लावले आहे, त्या हाताला काम पडणार नाही असा खेळ निवडावा. मुलाने खेळायला नकार दिल्यास तो स्वीकारावा, कारण दिवसभरात त्याचा नकार मान्य होण्याचा तो कदाचित एकमेव प्रसंग असतो. याच कारणासाठी अनेक रुग्णालयांत खेळाची खोली ‘सुईमुक्त’ ठेवतात. तेथे कोणतीही तपासणी वा उपचार केले जात नाहीत. स्वतंत्र खोली नसेल, तर वॉर्डातील एका कोपऱ्यातील चटईलाही हा नियम लावता येतो.

परिणामकारकता व मर्यादा

सुईशी संबंधित उपचारांच्या वेळी मानसशास्त्रीय पद्धतींनी मुलांची वेदना व त्रास कितपत कमी होतो, याचा आढावा कॉक्रेन या संस्थेने २०१८ साली घेतला. लक्ष दुसरीकडे वेधणे, श्वसनाचे प्रकार आणि संमोहन यांचा उपयोग होतो, असे त्यात आढळले. मात्र उपलब्ध पुराव्याचा दर्जा कमी असल्याचेही नमूद करण्यात आले. भूल देण्याच्या वेळेविषयी याच संस्थेच्या २०१५ च्या आढाव्यात हातात धरून खेळायचे व्हिडिओ खेळ आणि विदूषक डॉक्टर आशादायक ठरले. केवळ पालकांच्या उपस्थितीने त्या क्षणीची मुलाची चिंता कमी होते, असे मात्र सिद्ध झाले नाही. पालकही घाबरलेले असतील तर मुलाला आधार मिळत नाही. म्हणून पालकांची तयारी करून घेणे हाही या कामाचा भाग मानला जातो.

माहिती मिळाली की भीती आपोआप जाते, असेही नाही. कर्करोगग्रस्त किशोरवयीनांसाठी तयार केलेल्या ‘री-मिशन’ या संगणकीय खेळाची चाचणी अमेरिका, कॅनडा व ऑस्ट्रेलियातील ३४ वैद्यकीय केंद्रांत ३७५ रुग्णांवर घेण्यात आली. तिचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. खेळणाऱ्यांचे आजाराविषयीचे ज्ञान, स्वतःच्या क्षमतेवरील विश्वास आणि औषधे नियमित घेण्याचे प्रमाण वाढले. त्यांनी स्वतः नोंदवलेल्या ताणात मात्र लक्षणीय फरक पडला नाही. शिकवणारा खेळ आणि सोबत करणारे माणूस या दोहोंची गरज असते, हे यावरून दिसते.

खेळ वेदनाशामक औषधाची जागा घेऊ शकत नाही. मुलाला दुखत असेल, तर प्रथम वेदनेवर उपचार व्हायला हवेत. परिचारिकांची अपुरी संख्या, जागेची टंचाई आणि प्रशिक्षित व्यक्तींचा अभाव या भारतातील सार्वजनिक रुग्णालयांपुढील मोठ्या अडचणी आहेत. उत्साही स्वयंसेवक आठवड्यातून एकदा येऊन खेळणी वाटून गेल्यास त्या दिवसापुरता आनंद मिळतो. सकाळी ड्रेसिंग करणाऱ्या परिचारिकेला फुंकर घालण्याचा खेळ शिकवल्यास त्याचा उपयोग रोज होतो. म्हणून अलीकडे खेळाचे साहित्य पुरवण्यापेक्षा रुग्णालयातील कर्मचारी व पालक यांच्या प्रशिक्षणावर भर द्यावा, असा विचार पुढे येत आहे.

शाळेत परतणे

दीर्घ आजारानंतर शाळेत परतणारे मूल पुन्हा एकदा परकेपणा अनुभवते. अभ्यास मागे पडलेला असतो, केस गेलेले असतात किंवा धावण्यास मनाई असते. आजार संसर्गजन्य नसतानाही इतर मुले जवळ बसायला कचरतात. रुग्णालयात असताना शैक्षणिक खेळांमधून भाषा व गणिताचा सराव चालू राहिल्यास वर्गात मिसळणे सोपे जाते. शिक्षकांनी मूल परतण्यापूर्वी, त्याची व पालकांची संमती घेऊन, वर्गाला आजाराविषयी मोजकी व खरी माहिती द्यावी. त्याला झेपेल असे काम, जसे की खेळातील गुण मोजणे किंवा पंच होणे, मैदानावर द्यावे. अशा मुलाने रुग्णालयात शिकलेला एखादा खेळ वर्गाला शिकवल्यास त्याला शिकवणाऱ्याची भूमिका मिळते, आणि वर्गातील इतर मुलांच्या मनातील रुग्णालयाविषयीची धास्तीही काही अंशी कमी होते.